दहा मिनिटांची वाट

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत पाहणीचे अर्ज, एक वजनकाटा आणि भरपूर राग होता. राग घरचाच. आमच्या घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे बसायला वापरत आणि त्यांच्यावरचा मजकूर वाचतच मी अक्षरं शिकले. त्यामुळे डोंगरातल्या माणसाचं आजारपण कोण दडवतं, याचं उत्तर मला आधीच पाठ होतं. सत्तेत बसलेले.

काम सरळ होतं. ज्या वाडीतून आजारी माणसाला गाडीच्या रस्त्यापर्यंत आणायला तासाहून जास्त लागतो, तिथे दर पंधरवड्याला नर्स पाठवायची. अशा वाड्यांची यादी आम्ही, महाडच्या आरोग्य कार्यालयातली माणसं, करत होतो. त्यासाठी शिमग्याचे दिवस निवडले, कारण तेव्हा मुंबईकर गावी येतात आणि एकही घर बंद सापडत नाही. या हुशारीवर आम्ही खूश होतो.

उमरठच्या पुढे रिक्षावाल्याने पायवाटेच्या तोंडाशी सोडलं. वरची वाडी किती लांब, असं विचारलं तर म्हणाला, ते वरच्यांनाच विचारा, आणि गाडी वळवून निघून गेला. वाट चढणीची. आधी झाडी, मग सडा (उघडा, काळ्या कातळाचा माळ), मग पुन्हा झाडी. पळस पेटलेला होता. सड्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि पुढचा चढ मी एक पाय अनवाणी चढले. वर पोचायला तासभर तरी लागला असेल. पण मी शहरातली, त्यात चप्पल तुटलेली; माझा वेळ काही खरा नाही असं ठरवून मी तो लिहिलाच नाही.

पहिलं घर तात्यांचं. वाडीत शेवटचा शब्द त्यांचाच. मुंबईत एका गोदामात मुकादम, साठीच्या आसपास, पांढरा सदरा. अंगणात पाच-सहा पुरुष बसले होते, सगळे सणाला आलेले. मी विचारलं, रस्त्यापर्यंत किती वेळ?

"दहा मिनिटं," तात्या म्हणाले.

"आजारी माणूस असला तर?"

"तेवढीच. पोरं धावत नेतात. आमची वाडी काय जंगलात हाय?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. दहा मिनिटं लिहिलं तर वाडी यादीत येणार नाही आणि नर्सही येणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तात्या म्हणाले, नाय तर नाय.

जेवायला आत बोलावलं. चुलीजवळ शीतल बसली होती, तात्यांची थोरली सून, सातवा महिना. नवरा कामावर मुंबईत, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. तिने तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. तपासणीला किती वेळा गेलीस म्हटल्यावर तिने एक बोट दाखवलं. मग दाराकडे बघून हळूच सांगितलं की धाकट्या दिराला, संकेतला, परवा पाहुणे बघायला यायचे आहेत. वाडी लांबची आहे असं सरकारी कागदावर आलं आणि ते पाहुण्यांच्या कानावर गेलं, तर मुलगी कोण देणार? रस्ता दहा मिनिटांवर आहे असंच त्यांना सांगितलं होतं.

"मला बघायला आले तवा पन दहाच सांगितली," ती म्हणाली.

"मला पाच," कोपऱ्यातून सोनाबाई म्हणाल्या. त्या तात्यांच्या थोरल्या वहिनी, विधवा, वाडीत बारमाही राहणाऱ्या. "दर सुनेला वाट वाढते गो."

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. मी तशीच उष्ट्या हाताने बाहेर गेले आणि तात्यांना भाषण दिलं. आरोग्य हा हक्क आहे, अंतर लपवणं म्हणजे आपलाच हक्क आपण गाडणं, सगळं.  तात्या म्हणाले, "हक्क हाय ते खरं, बाय. पोराचं लगीन पन हाय ना?"

मी पुन्हा पत्रकांतलीच वाक्यं म्हणायला लागले.

वाद मिटवला सोनाबाईंनी. त्या ओट्यावर येऊन म्हणाल्या, "भावजी, भांडताव कशाला? हिलाच डोलीत घाला. दहा मिनिटांत खाली न्या, ती दहा लिवील."

अंगणात हशा पिकला. पण शब्द वहिनीचा, तोही चारचौघांत. तात्यांना उठावंच लागलं. डोली (लांब बांबूला चादर बांधून केलेली झोळी) आली, मी तिच्यात पडले. पुढे संकेत आणि त्याचा मित्र, मागे तात्या आणि आणखी एक जण, बदलीला दोघे. सोनाबाई माझा मोबाइल घड्याळासारखा हातात धरून मागून चालत होत्या.

झोळीतून फक्त आभाळ आणि बांबू दिसतो. आधी मस्करी चालली होती, पाव्हणी हलकी हाय, भाकरी कमी खाल्ली. झाडी सुरू झाली आणि मस्करी थांबली. आता फक्त धापा ऐकू येत होत्या. वळणावर बांबू अडे, मग मला खाली ठेवून तो फिरवायचा. सड्यावर खांदे बदलले. उतारावर एकाचा पाय सरकला आणि माझी पाठ कातळावर आपटली. मी ओरडले. मी धडधाकट होते. माझ्या जागी पोटुशी बाई असती तर? त्यानंतर सगळेच हळू चालू लागले.

रस्त्यावर पोचलो तेव्हा सोनाबाईंनी मोबाइल तात्यांपुढे धरला. एक तास पंचवीस मिनिटं.

"आज उजेड हाय, वाट सुकी हाय, शिमगा हाय म्हनून सा खांदे हायत," त्या म्हणाल्या. "वैशाखात शीतलला कोन उचलनार? मी न् माझी बकरी?"

आमची चूक मला तिथे कळली. वाडी माणसांनी भरलेली असताना आम्ही अंतर विचारायला आलो होतो.

तात्या रस्त्याच्या कठड्यावर बसून खांदा चोळत होते. म्हणाले, "लिव. सव्वा तासाच्या वर. मी अंगठा नाय, सही करतो."

संकेत मात्र बाजूला उभा राहून फोन लावत होता, रस्त्यावरच रेंज येते. ज्या मुलीकडचे पाहुणे परवा येणार होते, तिलाच त्याने खरं सांगितलं. मग तो एकदम हसला. मुलगी महाडच्या बाजूच्या एका वाडीतली. ती म्हणाली होती, आमच्या वाडीलाही बाबा दहाच मिनिटं सांगतात, त्या बाईंना आमच्याकडे पाठवा.

महाडला परतले ती दुखऱ्या पाठीने आणि दुसऱ्याच्या चपलेने. कार्यालयात आमचे वरिष्ठ म्हणाले की आधीचं उत्तर दहा, नंतरचं पंच्याऐंशी, सरासरी काढू. मी टेबलावरून अर्ज उचलला आणि म्हटलं, डोलीत झोपा, मग काढा. आकडा तसाच राहिला. त्या मुलीच्या वाडीतही आम्ही डोलीनेच मोजलं, आणि नंतर प्रत्येक वाडीत तसंच.

सत्ता दडवते हे मी अजूनही मानते. पण माणसं स्वतः दडवतात तेव्हा त्यांना खोटारडं म्हणण्याआधी, खरं बोलल्यावर त्यांचं काय जाणार आहे ते विचारायला हवं. ते मी त्या अंगणात विचारलं नव्हतं. सोनाबाईंना ते ठाऊकच होतं.

चैत्रात नर्स वरच्या वाडीला गेली. तिने शीतलला अंगणातच तपासलं, बाळ आडवं आहे म्हणाली, आणि शेवटचा महिना खाली दवाखान्याजवळ काढायला सांगितला. शीतल पोलादपूरला बहिणीकडे निघाली. रस्त्यापर्यंत दोन तास लागले, चार वेळा बसली. सोनाबाई पिशवी घेऊन सोबत होत्या. उतरली ती स्वतःच्या पायांनी.