लेओकादियाबाईंची न बसता फेरी

आमच्या लेओकादियाबाईंना खाली बसवणारा माणूस अजून क्राकोवमध्ये जन्माला यायचाय. मी तीस वर्षं त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतेय, मला ठाऊक असणारच. सकाळी सहाला डोक्यावर त्यांच्या टाचा वाजायला लागल्या की मी पलंगावरूनच ओरडायचे, "अहो, जमिनीत खिळे ठोकताय का?" वरून उत्तर यायचं, "उठा हेर्मिनाबाई, अर्धा दिवस गेला!"

चौतीस वर्षं या बाईने प्लांतीत माळीकाम केलं. जुन्या गावाभोवती पूर्वी तटबंदी होती, ती पाडून तिथे झाडं लावली, ते हे प्लांती. गावाला गोल वेढा घालून बाग परत जिथून सुरू झाली तिथेच येते. तिथली निम्मी चेस्टनटची झाडं बाईंना नावानिशी ओळखतात असं त्या स्वतःच सांगायच्या. नोकरी सुटली, पण फेरी सुटली नाही. रोज नाश्ता झाला की डोक्यावर करड्या लोकरीची टोपी चढवून निघायच्या. घाई अजिबात नाही. खसखस लावलेली पावाची कडी घ्यायची, ती खात खात, झाडांची चौकशी करत, नव्या माळ्यांना चार शब्द सुनावत दोन तासांनी परत. "या फांद्या कुणी छाटल्या? न्हाव्याने?" असं विचारलं की ती तरणी पोरं खराटे टाकून पळायची.

पण बाकावर टेकायच्या नाहीत, कध्धी नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी स्वतःच रंगवलेल्या ओल्या बाकावर बसल्या होत्या आणि मुकादमासकट सगळी टोळी त्यांचा हिरवा घागरा बघून आठवडाभर हसली होती. तेव्हापासून बाकांशी बोलणं बंद. बाई आहेत त्या, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

फेब्रुवारीत जिन्यात बर्फावरून पाय घसरला आणि खुबा मोडला. मीच आवाज ऐकून धावले. एवढी धडधाकट बाई पायरीवर पडलेली, आणि त्या काय म्हणाल्या? "हेर्मिनाबाई, गॅसवर सूप आहे, आधी ते बंद करा."

ऑपरेशन झालं, धातूची पट्टी बसवली, स्क्रू बसवले. उन्हाळाभर काठी घेऊन घरातच येरझाऱ्या चालल्या होत्या. मग ऑगस्टच्या शेवटी लेक आली, एवेलिना. ती दूर झेशूवला राहते. मुलगी वाईट नाही हो, पण माणूस घाबरला की कडक होतो. तिने तिकडे आपल्या घरातली तळमजल्यावरची खोली आईसाठी रिकामी केली होती, पडदेसुद्धा शिवून घेतले होते.

"तीन जिने आहेत आई. लिफ्ट नाही. परत पडलीस तर?"

"पडले तर ओळखीच्या जिन्यावर पडेन."

"आणि मी तिकडे फोन वाजायची वाट बघत बसू?"

"तू बस. तुला बसायला आवडतं."

एवेलिनाचे डोळे भरून आले, पण तीही लेओकादियाबाईंचीच पोर. तिने टेबलावर हात आपटला. "ठीक आहे! प्लांतीची पूर्ण फेरी मारून दाखव. घरातून निघाल्यापासून फेरी पुरी होईपर्यंत कुठ्ठेही बसायचं नाही. जमलं, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जमलं, तर गुरुवारी तुझं सामान न्यायला टेम्पो येईल. आणि पंच हेर्मिनाकाकू. त्या खोटं बोलत नाहीत."

झालं, माझी मान अडकली! मी शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलाय. सूप पातळ झालं तर मुख्याध्यापकांसमोर पातळच म्हणायची मी. आता खरं बोलून माझीच शेजारीण घालवायची पाळी आली. खरं सांगते, मला रात्रभर झोप नाही. त्या गेल्या तर मी भांडू कुणाशी?

शनिवारी सकाळी तिघी निघालो. ऊन छान पडलं होतं, चेस्टनटची फळं टपाटप रस्त्यावर पडत होती. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि बाईंनी डोक्याला हात लावला. टोपी! टोपीविना फेरी मारली नव्हती त्यांनी कधी. माझं ऐकतात थोड्याच? फिरल्या मागे, काठी टेकत तिन्ही जिने चढून वर. एवेलिना आणि मी मागून धापा टाकत.

आता विसरलेली वस्तू घ्यायला घरी परतलं, तर पुन्हा बाहेर पडण्याआधी बसायचं आणि दहापर्यंत मोजायचं. नाहीतर वाट धड जात नाही. हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. बाईंनी तर त्यासाठी दाराशी एक स्टूलच ठेवलंय. त्या सवयीने स्टुलाकडे वळल्या, आणि एवेलिना म्हणाली, "आई! बसलीस तर हरलीस."

बोलून गेली आणि तिचाच चेहरा उतरला. तीही याच स्टुलावर बसून लहानाची मोठी झालेली. मी म्हटलं, "अगं, हे बसणं त्यात धरू नकोस." पण बाईंनी हात वर केला. "शब्द म्हणजे शब्द. बसणं ते बसणं." आणि न बसता उंबरा ओलांडला. माझी तर पाचावर धारण बसली.

बार्बिकन म्हणजे जुन्या तटबंदीचा उरलेला लाल बुरूज, बाईंची फेरी तिथूनच सुरू होते; तिथे नेहमीसारखा अलोइझी होताच. घड्याळं दुरुस्त करायचा पूर्वी, आता बाकावर एकटाच बुद्धिबळ मांडून स्वतःशीच हरत असतो. "काय बाई, स्ट्रेचर मागून येतंय का?"

"येतंय ना, तुमच्यासाठी!" बाई थांबल्यासुद्धा नाहीत.

एवेलिना त्याच्याशेजारी बसली. "मला नाही बघवणार," म्हणाली. "मी इथेच थांबते."

आम्ही दोघी निघालो. थिएटरपर्यंत झकास. टपालघरापाशी माझ्या बुटाची नाडी तुटली. वावेलच्या किल्ल्याखाली तर वाटच खणून ठेवलेली, दोरी लावलेली. वळसा घालून चढण चढावी लागली. दर वेळी आम्ही एकमेकींकडे बघायचो. न बसता निघालो ना, मग दुसरं काय होणार!

तरी बाईंचं तोंड चालूच. "हे लिंडनचं झाड मी लावलंय, एवेलिना पोटात होती तेव्हा. बघा कसं माजलंय." खोडावर थाप मारायच्या, क्षणभर टेकायच्या आणि पुढे. टेकण्याला बंदी नव्हती, मी पंच म्हणून तसा निकाल दिला होता.

विद्यापीठापाशी, कोपर्निकसच्या पुतळ्यासमोर, पाय थांबला. थांबला म्हणजे थांबलाच. बाईंनी काठी दोन्ही हातांनी धरली, चेहरा पांढराफटक, वरच्या ओठावर घाम. समोर रिकामा बाक, त्यावर ऊन पडलेलं.

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी ओळखीचं नव्हतं. "बसा," मी म्हटलं. "दोन मिनिटं बसा. कुणाला कळणार नाही. मी खोटं बोलेन."

"तुम्ही? जन्मात बोलला नाहीत."

"मग आज बोलते! देवाला काय ते मी सांगेन. बसा हो, पाया पडते तुमच्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे पाणावले. "हेर्मिनाबाई, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलायला निघालात, हेच पुष्कळ झालं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात मारियाच्या चर्चच्या मनोऱ्यावरून बाराची तुतारी वाजली. आमची ती तुतारी सूर मध्येच तोडून थांबते, शेकडो वर्षं तशीच थांबत आलीय. बाईंनी मान वर केली. "तो तुतारीवाला थांबतो अर्ध्यात. मी नाही थांबायची. सकाळचं दहा मोजणं राहिलंय ना? ते आता मोजते. उभ्यानं."

"एक," म्हणाल्या आणि पाऊल टाकलं. "दोन." दहा झाले की उभं राहून श्वास घ्यायचा आणि पुन्हा एकपासून. मी त्यांच्या बाजूने मोजायला लागले. माझ्या तुटक्या नाडीचा बूट फटक फटक वाजत होता. बाबागाडी ढकलणारी एक आई आमच्यासाठी बाजूला झाली. एका नव्या माळ्याने बाईंना ओळखलं. तो खराटा खांद्यावर टाकून मागून चालायला लागला आणि मोठ्याने मोजायला लागला. "नीट मोज!" बाई मागे न बघता म्हणाल्या. "सात गाळलास!"

असे किती दहा झाले कुणास ठाऊक. बार्बिकनची लाल भिंत दिसली तेव्हा अलोइझी पट सोडून उठून उभा होता. टोपी हातात. एवेलिना तोंडावर हात धरून.

"आठ," बाई म्हणाल्या. "नऊ." आणि दहाला त्यांनी बार्बिकनच्या भिंतीवर पंजा आपटला, फेरी सुरू करताना आपटतात तसाच.

"पंच?" एवेलिनाने विचारलं.

"एकदाही बसल्या नाहीत," मी ओरडले. "कुठ्ठेही नाहीत! आणि मी खोटं बोलत नाही!" आणि भोकाड पसरलं, लाज सोडून. माळ्याने टाळ्या पिटल्या. अलोइझी म्हणाला, "चार किलोमीटर, आणि वर तीन जिने. बाई, मात दिलीत." त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच बरं काही ऐकलं.

मग लेओकादियाबाई प्लांतीच्या बाकावर बसल्या. आधी बोटाने रंग ओला नाही ना ते पाहिलं, आणि मगच. एवेलिनाने त्यांच्या गळ्यात हात टाकले. "आई, मी हरले. मला फक्त भीती वाटत होती गं."

"ठाऊक आहे. मलाही वाटत होती."

एवेलिनाने नाक पुसलं आणि फोन काढला. "टेम्पोवाल्याला सांगते, गुरुवारी येऊ नकोस."

"येऊ दे की," बाई म्हणाल्या. "माझा मोठा सोफा घेऊन जा तुझ्या तळमजल्यावर. नाताळला मी चार दिवस येईन, तेव्हा लागेल. इथे कोण बसतंय त्याच्यावर?" मग थोडा विचार केला. "दाराजवळचं स्टूल मात्र हलवायचं नाही."