टायटेनियमला दिलेला रंग

अमेरिकेला निघालो त्या दिवशी माझा थोरला भाऊ मला साताऱ्याच्या स्टँडपर्यंत सोडायला आला होता. मुंबईपर्यंत यायला तो तयार नव्हता. "इमान बघून मला काय करायचंय?" म्हणाला. एसटी फलाटाला लागायच्या आत पळत जाऊन दादाने खिडकीतून रुमाल टाकला आणि माझी जागा धरली. गाडी सुटली तेव्हा मी रडत होतो आणि तो कंडक्टरशी भांडत होता, भावाची बॅग टपावर का टाकली म्हणून. गावी कुंडलला मी घरातून निघतानाच आई सांगून मोकळी झाली होती, "तितं कुणाच्या तोंडाकडं बघत बसू नगंस. भूक लागली की जेव."

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती ती. शिरवळच्या कारखान्यात मी वेल्डिंगचं काम बघायचो. तिथून गेलो तो थेट एका डोंगराळ अमेरिकन गावात, विमानाचे टायटेनियमचे पाइप जोडणाऱ्या छोट्या कारखान्यात. काम आवडलं. संध्याकाळ मात्र जाता जात नसे. आईने सांगितल्याप्रमाणे भूक लागली की जेवत होतो, पण तोंडाकडे बघत बसायलाही तिथे कोणी नव्हतं.

कारखान्यातली चार माणसं ट्रायथलॉनच्या नादी लागलेली होती. त्यांनी मलाही ओढलं. विहिरीत शिकलेलं पोहणं कामी आलं. फोनवर दादाला समजावलं, "आधी तळ्यात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, सगळं एकामागोमाग."

"एवढी कसली गडबड रं?" दादा म्हणाला. "गाडी चुकलीया का कुणाची?"

पुढे मी त्या शर्यतींसाठीची टायटेनियमची सायकल घेतली. आयुष्यात स्वतःसाठी, केवळ आनंदासाठी घेतलेली ती पहिली वस्तू. रंग नव्हताच तिला. पावसाळी ढगासारखी करडी, आणि वेल्डिंगचे जोड असे की नाण्यांची चळत आडवी करून ठेवावी. एका हाताने उचलली जायची. पुढच्या दोन दांड्यांवर कोपरं टेकवून, पाठ आडवी करून निघालो की वारा डोक्यावरून जायचा आणि खाली फक्त साखळीचा बारीक आवाज. पन्नाशीकडे निघालेला माणूस मी, रिकाम्या रस्त्यावर एकटाच मोठ्याने हसायचो.

एका वर्षी दसऱ्याच्या आठवडाभर आधी ती खोक्यात घालून गावी आणली. अंगणात जोडली तर अर्धी गल्ली जमली.

"कॅरिअर न्हाई, स्टँड न्हाई, मडगार्ड न्हाई, घंटी न्हाई. मग दिलंय काय?" शेजारच्या तात्यांनी विचारलं.

"शिंगं दिल्यात की," दादा म्हणाला.

वहिनीने सीटवर बोट दाबून बघितलं. "आवं भावजी, बसायला बी धड दिलं न्हाई तुमास्नी."

रोज सकाळी मी तासगावच्या रस्त्याला जायचो. दोन्ही बाजूंना ऊस आणि वर आलेलं कोवळं ऊन. असा रस्ता त्या सायकलला अमेरिकेत कधी मिळाला नव्हता. परत आलो की पारावरून हाक यायची, "हरलास का जिकलास?"

आता त्या गोष्टीकडे येतो, जी आमच्या घरात प्रत्येक लग्नात सांगितली जाते आणि अर्धी खोटी सांगितली जाते. खोटं माझ्यामुळे शिरलं. दादा ऐंशीला आला आहे, मी सत्तरी ओलांडली आहे. आता तरी नीट सांगायला हवी.

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी मी एका मित्राकडे सांगलीला राहायला गेलो होतो. खंडेनवमीच्या दुपारी परतलो तर अंगणात ट्रॅक्टर, नांगर, कोयते, फवारणीचा पंप, सगळं धुऊन पूजेला मांडलेलं. आणि ट्रॅक्टरच्या शेजारी माझी सायकल. लाल. ट्रॅक्टरचा लाल ऑइलपेंट, नुकता वाळलेला. शिंगांना झेंडूचा हार. मधल्या आडव्या दांडीवर, फौजेत ट्रंकेवर लिहितात तसं, पिवळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: बापू, मु. पो. कुंडल, जि. सांगली.

"पालिश पेपर मारून चांगली घासली आदी," दादा म्हणाला. "मग रेड आक्साइड, मग लाल. उघडं लोखंड कवा बी ठिवू नये. रंग न देताच इकली रं तुला त्यांनी, फसवलं गड्या. पारावर लोक हसाय लागल्याती. म्हणलं, माझ्या भावाला कोण हसतंय बघू."

घासली, हा शब्द माझ्या काळजातून गेला. मग "लय भारी झालीय दादा" म्हणालो, पण ते म्हणायला मला उशीर झाला, आणि तो उशीर त्याने पाहिला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तीच सायकल घेऊन शिरवळला निघालो, जुन्या सोबत्यांना भेटायला. घरी सांगतात की बापू रागावून गेला. साफ खोटं. कऱ्हाड, सातारा, मग खंबाटकीचा घाट चढून पलीकडच्या खंडाळ्यात उतरलो, तो आयुष्यातला सर्वांत सुंदर दिवस होता. प्रत्येक टपरीवर लोक विचारायचे, "कंच्या कंपनीची?" मी सांगायचो, "दादा कंपनीची." एकाने तर नव्या मॉडेलची एजन्सी साताऱ्यात कुणाकडे आहे, तेही विचारलं.

मी अमेरिकेला परत गेल्यावर कॉलेजात शिकणाऱ्या एका पाहुण्याने दादाला टायटेनियम म्हणजे काय ते समजावलं. ते गंजत नाही, उघडं ठेवण्यातच त्याची शोभा असते वगैरे. दादाने बूथवरून फोन केला. "बापू, घाण केली रं मी."

त्याला हलकं वाटावं म्हणून मी म्हणालो, "काही नाही रे दादा, रंग तर मी कधीच काढला. पहिल्यासारखी झाली."

"बरं झालं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्या दिवशी तो अर्ध्या भाकरीवर उठला, हे वहिनीने मला खूप उशिरा सांगितलं. लग्नात ही गोष्ट निघाली की तो सगळ्यांत मोठ्याने हसतो आणि मग म्हशीकडे बघून येतो म्हणून उठतो.

दादा, मी रंग काढलेला नाही. कारखान्यातला सोबती रसायनाचा डबा घेऊन दारात आला होता, त्याला मी चहा पाजून परत पाठवलं. पुढच्या उन्हाळ्यात मी तुझ्या रंगातच शर्यतीला उतरलो. थंडगार तळ्यातून बाहेर आलो, चष्मा नाही, डोळ्यांत पाणी, समोर सायकलींची भलीमोठी रांग. सगळी माणसं आपापली करडी, काळी सायकल शोधत पळत होती. माझी लांबूनच दिसत होती, देवळाच्या निशाणासारखी.

पुढे एका चढावर रस्त्याकडेला उभी असलेली बाई मराठीत ओरडली, "अहो, थांबा! कुंडलचे का? आम्ही इस्लामपूरचे!" तिचा नवरा तर शेजारून पळायलाच लागला. "चहा आहे थर्मासमध्ये, दोन घोट घेऊन जा!"

शर्यतीत कोणी थांबतं का? मी थांबलो. इस्लामपूरचा माणूस चहा घ्या म्हणतो आणि आपण घड्याळ बघायचं, हे मला जमलं नाही. माझ्यामागची सगळी माणसं पुढे निघून गेली, आणि आम्ही तिघं कोण कुणाचा पाहुणा लागतो ते काढत उभे राहिलो. कपाळावरून घाम गळत होता, हातात पेला होता, आणि परदेशात आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी मला "जेवायलाच या ना" म्हणत होतं.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवलो. त्यांच्यामुळे आणखी चार घरं झाली, पुढे गणपती झाला, आजारपणात डबे आले. मी या देशात रुजलो तो तिथून. नुसत्या करड्या सायकलवर मी त्या चढावरून वेगाने निघून गेलो असतो आणि मला कोणी हाक मारली नसती.

हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण रंग काढला असं एकदा बोलून बसलो होतो, आणि खरं सांगायला गेलो तर आधीचं खोटं कबूल करावं लागणार होतं. एवढ्याशा संकोचापायी तुला इतकी वर्षं त्या हसण्यात बसवलं.

घर कुठलं म्हणून कोणी विचारलं की हल्ली मला उत्तरासाठी थांबावं लागत नाही. तू लिहून दिलंयस ते वाचून दाखवतो. फक्त गुडघा घासून घासून "कुंडल"मधला "ल" पुसत आलाय. हिवाळ्यात येतोय मी, सायकल खोक्यात घालून. पिवळ्या रंगाचा डबा आणून ठेव. इथे तो "ल" लिहिणारं कोणी नाही, आणि असतं तरी मी लिहू दिला नसता.