राख झाडू नका

आमचे शेजारी पुंजाजी दर्यापुरातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. त्यांच्या बायकोनं, सुंदराबाईंनी, मीठ आणायला धाडलं, तर हा माणूस पुडीचा कागद वाचत घरी यायचा आणि मीठ वाटेत सांडलेलं असायचं.

चौसष्टच्या फेब्रुवारीत, अमरावतीहून एसटीनं आलेला पेपर मी हॉटेलात मोठ्यानं वाचला. अमेरिकेचं यान चंद्रावर जाऊन आदळलं, पण कॅमेऱ्यांनी एकही फोटो पाठवला नव्हता. आधीची यानंही अशीच फसलेली.

मी म्हणालो, "घ्या! एवढ्या दूर गेलं अन् डोये मिटूनच पडलं. आपल्या जानरावसारखं, लग्नाले गेला अन् पंगतीच्या टायमाले झोपला!"

सगळे हसले. पुंजाजींचा कप मात्र हवेतच राहिला. "वामनराव, ते काहून फसलं हे त्याइले समजन कसं? यान तं तिकडंच चेंदलं. पाह्याले हाती काय राह्यलं?"

"तुमी जाऊन या ना बाप्पा, पान्हे घेऊन!"

तेव्हापासून मी त्यांना चंद्रवाले म्हणू लागलो. ऑगस्टात मात्र त्यांनीच मला अंगणात गाठलं. पुढच्या यानानं हजारो फोटो पाठवले होते. "पाह्यलं? आधीचं यान गेलं, पण जाता जाता जे जे बोललं ते त्याइनं लिहून ठेवलं होतं. बसून तपासलं. आपण तं झाडून टाकतो!"

झाडून टाकतो म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. बासष्टला आणि त्रेसष्टला, हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात जिनात आग लागली होती. दोन्ही वेळा आग विझवली, राख झाडली, मारुतीला नारळ फोडला आणि यंत्र सुरू. मॅनेजर किसनरावांनी पुंजाजींना बजावलं होतं, "तिसऱ्यांदा लागली तं पान्ह्याची पेटी इथं ठेवजा अन् घरी जाजा."

नोव्हेंबरात तिसऱ्यांदा लागली. माझी कापसाची पहिली गाडी नुकतीच रिकामी झाली होती. आग विझली, झाडूवाले पुढे झाले, तसे पुंजाजी हात पसरून आडवे उभे.

"राख झाडू नका!"

"वेड लागलं काय?" किसनराव ओरडले. "ठेव पेटी!"

"दिवस बुडेपर्यंत थांबा, साहेब. मंग ठेवतो."

सुंदराबाईंची पिठाची चाळणी आली. पुंजाजी राख चाळत बसले, मी बाजूला उभा राहून टोमणे मारत. "चंद्रवाले, फोटो निंगला काय?"

चाळणीत खडखडलं. पांढऱ्या गारगोटीचे दोन तुकडे. एका बाजूला चुन्याचा पट्टा, दुसरीकडे लोखंडाचा काळा ओरखडा. पुंजाजींनी तुकडा यंत्राच्या पोलादी पात्यावर घासला. ठिणगी उडाली.

तो चुन्याचा पट्टा मी ओळखला. पहिल्या वेचणीला आम्ही शेतात सीतादही करतो. सात खड्यांना चुना लावून पुजतो, दहीभात ठेवतो. त्यातला एक खडा माझी बायको वच्छला पहिल्या गाडीत कापसाच्या बुडाशी सारायची. कापसाची लक्ष्मी एकटी कशी जाईल, रखवालदार पाह्यजे, म्हणायची. बासष्टला सुरू केलं तिनं.

किसनराव फिसकन हसले. "नोकरी वाचवाले तूच टाकला असशीन."

पुंजाजींनी पेटी उचलून त्यांच्या टेबलावर ठेवली.

गपचूप सटकता आलं असतं मला. बैलही जुंपलेले होते.

"तो खडा माहा हाय," मी म्हणालो.

आता दोन लाथा बसणार, असं धरून मी उभा. पुंजाजी जवळ आले, आणि काय विचारावं? "त्रेसष्टलेही टाकला होता? नदीतला का वावरातला? केवढा होता?" गावभर तोंड चालवणारा मी, गुरुजींपुढे उभं राहिल्यासारखी उत्तरं देत होतो. किसनरावांनी तेवढ्यात पेटी मुकाट्यानं पुंजाजींकडे सरकवली.

आता जिनात यंत्राआधी तारेची मोठी जाळी आहे. सगळा कापूस तिच्यावर पसरून, झटकून पुढे जातो. खिळे, नाल, एकदा तर कुणाचं तरी जोडवंही निघालं. वच्छला खडा अजूनही पाठवते, पण माझ्या हाती, थेट पुंजाजींकडे.

ते दोन तुकडे त्यांच्या खिडकीत पेपरातल्या चंद्राच्या फोटोच्या कात्रणाखाली असतात. आल्यागेल्याला ते पात्यावर घासून ठिणगी दाखवतात. खडा कुणाचा, ते मात्र सांगत नाहीत. ते मीच सांगतो.