जकातदाराची कवळी

आमच्या शेजारच्या भाऊजींना सगळी इमारत ‘दंतकथा’ म्हणते. एक तर ते कवळ्या बनवतात. आणि बोलायला लागले की खरं कुठे संपलं नि गोष्ट कुठे सुरू झाली, याचा पत्ता लागत नाही. लागू नये अशीच त्यांची इच्छा असते.

तळमजल्यावर त्यांची कार्यशाळा आहे. मेणाचा वास, गॅसची छोटी निळी ज्योत, आणि भिंतभर फळीवर प्लास्टरचे ठसे. वरचा जबडा, खालचा जबडा, प्रत्येकावर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव. इमारतीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तोंडं तिथे धूळ खात पडलेली असतात. मी गेले की त्या फळीकडे पाठ करून उभी राहते. पाठ केली की जास्तच कसंतरी होतं, तो भाग वेगळा.

हे झालं पोटाचं काम. जिवाचं काम म्हणजे एक कादंबरी. कुठल्याशा जुन्या बंदराची, अनेक खंडांची, एकेक खंड उशाला घेता येईल एवढा. तिचे नायक-नायिका गेले खड्ड्यात, भाऊजींचा जीव जडला तो एका किरकोळ जकातदारावर. हा बाबा धक्क्यावर स्टुलावर बसतो, लोकांची गाठोडी न उघडता नुसत्या वासावरून आत काय आहे ते सांगतो आणि सदानकदा तोंड उघडं टाकून हसत असतो. मयताला हसतो, वादळात हसतो. अख्ख्या कादंबरीत चार पानं मिळतात बिचाऱ्याला. पण त्या चार पानांवर वाद घालणारा वाचकांचा एक गट होता फोनवर. सगळे एकाच माळेचे मणी. जकातदार स्टुलावरच झोपतो का? आईसमोरही हसायचा का? आणि सगळ्यांचा लाडका प्रश्न: पिंपात लपून पळणारी मुलगी त्याला वासावरून कळली होती, तरी त्याने तिचं गलबत का जाऊ दिलं? लेखिकाबाईंनी हे कुठेच सांगितलेलं नव्हतं. या प्रश्नापायी गटातल्या दोघांची बोलाचाली बंद झाली होती.

हसण्याचं कोडं मात्र भाऊजींनी सोडवलं. शिडाच्या जहाजांच्या काळी वरची आणि खालची कवळी पोलादी स्प्रिंगांनी जोडलेली असायची. स्प्रिंग सारखी जबडा फाकवायला बघणार, आणि तोंड मिटलेलं ठेवायचं तर माणसाने चोवीस तास दात आवळून बसायचं.

“तो हसतच नाहीये, ताई!” भाऊजी जिन्यात मला अडवून म्हणाले. “त्याला तोंड मिटायचा कंटाळा आलाय!”

गट वेडा झाला. मग काय, ऐतिहासिक कथा लिहिणारे लांबलांबचे लेखक भाऊजींना विचारू लागले. पूर्वी दात कशाने घासायचे? लढाईत पडलेल्या सैनिकांचे दात काढून कवळीत बसवायचे हे खरं का? (खरं आहे. त्या दिवशी मी जेवले नाही.) एकाने विचारलं, माझ्या नायक-नायिकेला, दोघांनाही स्प्रिंगची कवळी आहे, चुंबन दाखवलं तर चालेल का? भाऊजींनी उत्तर दिलं, “चालेल, पण सोडवायला लोहार लागेल.”

आणि मग खुद्द लेखिकाबाईंचा निरोप आला. शेवटचा खंड निघतोय, प्रकाशनाला काचेच्या पेटीत ठेवायला जकातदाराची कवळी बनवून द्याल का?

आता वहिनींचं सांगते. वहिनी बसस्थानकावर घोषणा करतात. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, ते माईकवरून सांगायचं. आवाज असा की माणसं आपली गाडी सोडून पुढची घोषणा ऐकत उभी राहायची. पण हिरड्या कुजल्या, सगळे दात काढावे लागले, लांबलचक रजा पडली. हिरड्या भरल्या, भाऊजींनी मापही घेतलं, मेणात दात मांडले, आणि तिथेच घोडं अडलं. रजा संपत आली होती. साहेबांनी सांगितलेलं, सोमवारी स्वच्छ बोलता आलं तर या, नाहीतर यंत्रातला आवाज तयार आहे, तो लावतो. वहिनी तोंडावर हात धरून बसायच्या आणि दुधात बुडवलेला पाव चघळायच्या.

आणि भाऊजी? घरचं झालं थोडं आणि लेखिकाबाईंनी धाडलं घोडं, तेही पाणघोडं. कारण त्या काळी कवळी पाणघोड्याच्या दाताची करायचे म्हणे. तसा पिवळट रंग जमवण्यात या माणसाचे दिवस चालले होते.

“भाऊजी, त्या जकातदाराला चावायला काही नाहीये हो. वहिनींना आहे,” मी म्हटलं.

“झालंच, ताई. फक्त जबडा नीट सुचत नाहीये.”

इथेच ते चुकले. त्यांच्या धंद्यात तोंड पाहिल्याशिवाय कवळी करत नाहीत. त्यांचे गुरुजी सांगायचे, मापाशिवाय केलेली कवळी तोंड शोधत फिरते. भाऊजींनी हे मला हसत हसत सांगितलं होतं. आणि कवळी केली ती डोळे मिटून, मेण बोटांनी दाबत, चार पानं मनात आठवत.

एका संध्याकाळी बाहेर जाता जाता, काखेत पिशवी, मी त्यांची वाटी परत द्यायला गेले. कवळी जेवणाच्या टेबलावर होती, दोन्ही बाजूंना स्प्रिंगा, आ वासून. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

“बघू तरी माझ्या सवतीचं तोंड,” त्या बोबड्या आवाजात म्हणाल्या आणि भाऊजी “अगं, अगं” म्हणेपर्यंत कवळी तोंडात घातली.

‘टक्’ असा आवाज झाला. पेटीचं कुलूप लागावं तसा.

भाऊजी उठले. त्यांनी वहिनींची हनुवटी धरून कवळी हलवून पाहिली. हलेना. मग खाली धावले, वहिनींचा प्लास्टरचा ठसा घेऊन आले आणि त्यांच्या तोंडाशी धरला. ठसा अरुंद, कवळी त्याहून चांगली बोटभर रुंद. कुठूनच मेळ नव्हता. आणि तरी ती तिथे जन्मापासून असावी तशी बसली होती.

वहिनींचं तोंड हळूहळू उघडत गेलं. त्या हसत होत्या. निदान तसं दिसत होतं. डोळ्यांत हसू नव्हतं.

“पुढचा,” त्या म्हणाल्या. आवाज खालचा, ओलसर, बोबडेपणा पार गेलेला. माझ्याकडे बोट केलं. “तू. पिशवी उघडू नकोस. वास पुरे.” नाकपुड्या हलल्या. “पुरुषाचा सदरा. पाठीवर इस्त्रीने जळलेला. त्याला न सांगता रफूला चाललाय.”

आता हे मी देवालासुद्धा सांगितलं नव्हतं. वाटी तिथेच ठेवून मी घरी आले, आणि आल्याआल्या नवऱ्याला सदरा दाखवून टाकला. न जाणो.

त्यानंतर वहिनी दाराजवळ स्टुलावर बसू लागल्या. कवळी काढेनात. आयुष्यभर नवऱ्याला ‘अहो’ म्हणणारी बाई, आता ‘तू’ म्हणे, आणि स्वतःबद्दल बोलताना ‘मी दमलो’, ‘मी पाहिलं, मी हसलो नाही’. माझी भिंत आणि त्यांची भिंत एकच. दिवसभर ऐकू यायचं: स्प्रिंगांची बारीक करकर आणि भाऊजींचे प्रश्न.

“स्टुलावर झोपत होतात का?”

“झोपत नव्हतो.”

“आईसमोर?”

“आई माझ्याकडे पाठ करून बसायची.”

भाऊजी उत्तरं गटात टाकत. कुठून मिळतात ते सांगत नसत. गटात फटाके वाजायचे बाकी होते, माणसं कामंधामं सोडून वाचत होती. वहिनी नाटक करतायत, असं मला आधी वाटलं. इतकी वर्षं नवऱ्याची बडबड ऐकून त्यांना सगळं पाठ असणारच. पण नाटक करणारी बाई कधीतरी तोंड पुसते, पाणी पिते, डोळा मारते. मी दारावरून जाता-येता चारदा डोळा मारून पाहिला. समोरून काही नाही.

“भाऊजी, लाज आहे का? सोमवारी तिला माईकसमोर बसायचंय.”

“एकच प्रश्न राहिलाय, ताई. मग तिची करायला घेतो. अर्धी तयारच आहे.”

“तुमची बायको कुठे आहे पण?”

“ही काय, समोर,” ते म्हणाले. आणि स्टुलाकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं त्यांनी.

रविवारी दुपारी मी साखर मागायला गेले. साखर घरात होती, पण माझा जीव नव्हता. भाऊजी स्टुलासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते, पोरासारखे.

“पिंपातली मुलगी,” त्यांनी विचारलं. “तिला का सोडलंत?”

स्प्रिंगा करकरल्या. “सोडलं नाही. जकात घेतली.”

“तिच्याकडे तर काहीच नव्हतं!”

“आवाज होता. तो घेतला. पलीकडच्या किनाऱ्यावर उतरली तेव्हा तिला हाकसुद्धा मारता येईना.”

(हे गुपित मी कसं सांगते, असं विचाराल. पुढे वचन दिलं ते भाऊजींनी, मी नाही. लिहिताना घसा जरा धरलाय, पण हवा गार आहे.)

भाऊजींचा चेहरा आधी उजळला. इतक्या वर्षांचं कोडं सुटलं होतं. हात फोनकडे गेला. मग तो मध्येच थांबला.

“आणि हिची?” त्यांनी विचारलं. “हिच्याकडून काय घेतलंत?”

वहिनींचं तोंड आणखी उघडलं.

“अगं,” भाऊजी म्हणाले. मग मोठ्याने, “अगं ए!”

काही नाही. ते उठले आणि जिना उतरले, एक चप्पल घातली, एक राहिली. मी तिथे एकटी, त्या स्टुलासमोर, हातात रिकामा कप. पळाले असते, पण वहिनींचा डावा हात मांडीवर थरथरत होता, तेवढाच त्यांचा वाटत होता. मी तो धरून बसले. बर्फ होता.

दिवेलागणीला भाऊजी वर आले. हाताला पॉलिशची पांढरी भुकटी, तळव्यावर वहिनींची कवळी, गुलाबी, नवीकोरी.

“काढ गं ती,” ते म्हणाले.

“जकात?”

“तुमचं उत्तर. कुणालाही सांगणार नाही.”

“पुरत नाही.”

भाऊजींनी फोन काढला. समोर धरून गटातली स्वतःची उत्तरं पुसली. प्रश्न पुसले, शेवटी स्वतःचं नाव पुसलं. ज्या माणसाने तापात फणफणतानाही या गटासाठी डोळे उघडले असते, तो एकेक ओळ पुसत गेला. “आता माझ्याकडे काही नाही,” ते म्हणाले. “तिला जाऊ द्या.”

वहिनींनी जबडा फाकवला, माणसाचा फाकू नये इतका, आणि स्प्रिंगांनी उडी घेतली. कवळी भाऊजींच्या छातीवर आदळून खाली पडली. तिथेही ती दोनदा उघडमीट झाली. मी पाहिलं.

वहिनी पाणी प्यायल्या. तांब्याभर. बोलल्या मात्र नाहीत. नवी कवळी बसवली, तरी नाहीत. भाऊजी रात्रभर “काहीतरी बोल” म्हणत राहिले, भिंतीपलीकडून दुसरा आवाज आलाच नाही.

सोमवारी वहिनी तशाच मुक्याने माईकच्या खोलीत गेल्या, मी आणि भाऊजी बसस्थानकावर बाकावर बसलो. गाड्या येत-जात होत्या, भोंग्यातून नुसती खरखर. साहेब दारात उभे, यंत्राच्या बटणावर हात. भाऊजींनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मग खरखरीतून आवाज आला: फलाट दोन, जलद गाडी, प्रवाशांनी रांगेत यावं. तोच, जुना, दुधासारखा. शेजारचा एक म्हातारा आपली गाडी सोडून उभा राहिला. भाऊजी रडायला लागले. मी म्हटलं, “नाक पुसा, लोक बघतायत.”

जकातदाराची कवळी खोक्यात घालून लेखिकाबाईंना पाठवली. मिळाली म्हणून त्यांनी कळवलं. छान बसते, असंही लिहिलं होतं.

त्या आठवड्यात मी पुन्हा वाटी द्यायला गेले. दोघं जेवत होते. वहिनी सावकाश चावत होत्या, मोठ्या थाटात.

“ताई, बसा,” त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे न बघता: “मी सगळं ऐकत होते बरं का. तुम्ही त्याला किती प्रश्न विचारलेत. माझी चौकशी एकदाही नाही. अगदी शेवटी केलीत ती.”

भाऊजींचा घास हातात राहिला.

“तिथे अंधार होता. खारट वास. रांग होती आमची. कुणालाच बोलता येत नव्हतं. माझ्या पुढे ती उभी होती, पिंपातली. केस अजून ओले होते तिचे.”

भाऊजींची मान झटक्यात वर आली. डोळे चमकले. मला त्यांच्या ओठांवर प्रश्न स्पष्ट दिसला: कशी दिसते ती? वहिनींनाही दिसला. त्यांनी चावणं थांबवलं आणि वाट पाहू लागल्या.

भाऊजींनी घास ताटात ठेवला.

“तुला,” ते म्हणाले, “तुला तिथे थंडी वाजत होती का गं?”

“हो,” वहिनी म्हणाल्या. “खूप.”