पान पिशवीत घालून येणारी माणसं

अमरावतीत परतवाडा रोडला माझी छोटीशी नर्सरी आहे. बसले रोपं विकायला, पण दिवसभर बघते ती आजारी पानं. लोक कुंडी आणत नाहीत. एकच पान तोडून आणतात, कॅरीबॅगमध्ये, रुमालात, एकदा तर डब्यात पोळीवर ठेवून. पानाचं निदान लगेच होतं, किस्सा मात्र माझ्याकडेच राहतो. असे किती साठलेत म्हणून सांगू! कुंड्या बहुतेक पोरांच्या. पोरं नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेली आणि हॉलमधली झाडं आईबापांवर सोडून गेली. ती मरू द्यायची नाहीत, एवढाच या मंडळींचा हट्ट.

*

रिटायर्ड हेडमास्तर इंगळे सर भर मे महिन्यात मुलाच्या अरेका पामचं पान घेऊन आले. टोकापासून अर्धं वाळलेलं. पाणी बरोबर, ऊन बरोबर. मग विचारलं, कुंडी असते कुठे? तर अगदी कूलरच्या तोंडाशी! दिवसभर असा वारा खाल्ला की पान वाळणारच, कोपऱ्यात सरकवा म्हटलं.

सर घुटमळले. "तिथं आमचा सुमित झोपे," म्हणाले. "कोपऱ्यात त्याले लय गरम होये."

*

अकोल्याहून एक जोडपं आलं. लेकीनं ठेवलेल्या स्पायडर प्लांटची टोकं करपलेली, मातीवर पांढरा थर. बोअरचं खारं पाणी, दुसरं काय! फिल्टरचं पाणी द्या म्हटलं. बाई एका पायावर तयार. आजच मशीन घेऊ म्हणाल्या.

"मी कधीचा मशीन मागून राहिलो," नवरा म्हणाला. "मले टोकं नाहीत म्हणून काय?"

*

मालतीमावशींनी आणलेली रबर प्लांटची पानं चिकट, काळपट, धुळीनं माखलेली. कीड नव्हती. हाताला चक्क खोबरेल तेलाचा वास! चकाकी यावी म्हणून लोक तेलानं पुसतात, त्यानं पानाचा श्वास कोंडतो. मी मावशींना तसं सांगितलं. त्या ओशाळल्या. दर रविवारी पोरीला न्हायच्या आधी तेल लावायची सवय, पोरगी तर लग्न होऊन नाशिकला.

"आता रविवारी कोणाच्या डोक्याले लावू?" त्या म्हणाल्या. मी ओल्या फडक्यानं पानं पुसायला शिकवलं. ते काम त्यांना फारसं आवडलेलं दिसलं नाही.

*

माझी लेक ऋचाही पुण्यातच. तिनं पिवळ्या पानाचा फोटो पाठवला. पाणी जास्त होतंय, हे पाहताक्षणी कळलं. पण पानामागे न आवरलेलं अंथरूण होतं, बिस्किटांचा पुडा होता, खिडकीवर पडद्याऐवजी मी दिलेली साडी होती. मी फोटो मोठा करकरून बघत बसले. मग जेवतेस का, झोप होते का, सगळं विचारलं.

तिचा मेसेज आला, "आई, मी झाडाचं विचारलंय."

तिची फार आठवण आली तेव्हा.

*

राऊत काकू घरी एकट्याच असतात. निखिल, त्यांचा मुलगा, बंगळुरूला. त्यानं दिलेल्या मनी प्लांटच्या पानांना भोकं पडत होती. त्या दर थोड्या दिवसांनी नवं पान आणायच्या. मी निंबोळी तेल दिलं, कुंडी बदलली, तरी भोकं चालूच!

परवा मी पान उजेडात धरलं. अळी कडेनं वेडंवाकडं कुरतडते. ही भोकं बारीक, गोल आणि एका ओळीत होती. काकूंच्या बांगडीला सेफ्टी पिन लटकत होती. मी पिनेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"फोटोत पान चांगलं असलं तं तो नुसता अंगठा पाठवते," काकू हळूच म्हणाल्या. "खराब असलं का फोन करते."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. निखिलच होता, व्हिडिओवर. आई नर्सरीत आहे कळल्यावर त्यानं फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. काय रोग आहे, औषध कोणतं, फोटो पाठवला तर चालेल का, असं त्यानं घाईघाईनं विचारलं.

"फोटोत हा रोग दिसत नाही," मी म्हणाले. "रोज संध्याकाळी असंच व्हिडिओवर पाहावं लागेल."

"किती दिवस?"

"ते सांगता येत नाही."

बरं, म्हणाला तो. काकूंनी बांगडीची पिन काढून माझ्या टेबलावर ठेवली, आणि फोनवर बोलत बोलत रिक्षात जाऊन बसल्या.