ग्रॅनीच्या गावचे राष्ट्राध्यक्ष

कतारमध्ये अल रय्यानला आमच्या कंपाउंडमध्ये, शेजारच्याच व्हिलात, एक अमेरिकन बाई राहायला आल्या तेव्हा वर्ल्ड कपच्या स्टेडियमचं काम ऐन भरात होतं. माझा नवरा तिथे साइट इंजिनिअर. बाई सत्तरी ओलांडलेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या मुलीकडे आलेल्या. माझी लेक त्यांना ग्रॅनी म्हणायला लागली, मग आम्हीही.

पहिल्याच दिवशी चहा पिताना त्या म्हणाल्या, "आमच्या गावात एक माजी राष्ट्राध्यक्ष राहतात. गाव एवढंसं. माझ्या नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, तिथे ते स्वतः रंगाचे डबे घ्यायला यायचे."

मला काही हे पटलं नाही. नाशिकला आमच्या गल्लीत एक नगरसेवक राहायचा, तोसुद्धा कधी दूध आणायला स्वतः गेला नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर त्याचा चेहराच बदलला. "अगं, पत्रकार असेल. कामगारांवर लिहायला कुठकुठून लोक येतायत सध्या. बाहेरच्यांशी अवाक्षर बोलायचं नाही, असं बजावलंय आम्हाला. नोकरी गेली की इथलं सगळं खलास."

तेव्हापासून ग्रॅनींचा प्रत्येक प्रश्न मला टोचायला लागला. "तुझा नवरा एवढा काळवंडून का येतो?" "उन्हातल्या माणसांना दुपारी विश्रांती देतात का?" मी म्हणायचे, "त्याचं काम ऑफिसात असतं," आणि चिवड्याची वाटी पुढे सरकवायचे. आल्या की त्या आपली पिशवी सोफ्यावर ठेवायच्या. तिच्यात रेकॉर्डर असेल म्हणून मी एकदा ती उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. त्या नुसत्या हसल्या.

मग एका सकाळी एक तरुण आणि एक तरुणी फाटकातून आत आले. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. ग्रॅनी झाडांना पाणी घालत होत्या. मी दाराआड उभी राहिले.

"स्टेडियमचे इंजिनिअर इथेच राहतात ना?" तरुणीने विचारलं.

ग्रॅनींनी दोघांना बसवलं, लिंबूसरबत दिलं, आणि आपले गुडघे, मुलीची मांजर, इथला दमटपणा यांच्यावर इतकं बोलल्या की ती दोघं कंटाळली. शेवटी म्हणाल्या, "इंजिनिअर? इथे तर सगळे शिक्षक राहतात."

ती दोघं गेल्यावर मी बाहेर आले. "तुम्ही खोटं का बोललात?"

"आमच्या गावात सगळे हेच करतात," त्या म्हणाल्या. "ते राष्ट्राध्यक्ष गावी परत आल्यापासून लोक येतात. ते कुठे राहतात, फिरायला कधी जातात, विचारत बसतात. आम्ही सरबत देतो, हवेबद्दल बोलतो, सांगत काहीच नाही. तू मला चिवडा देतेस ना, तसंच."

माझे कान तापले. "तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच आठवड्यात. मला तू आमच्या गावचीच वाटलीस." मग सरबताचे ग्लास उचलत त्या म्हणाल्या, "पण त्या दोघांना जे विचारायचं होतं, ते चुकीचं नव्हतं. हो ना?"

नव्हतंच. मी तिथेच पायरीवर बसले आणि त्यांना सांगितलं, की एक दिवस नवरा घरी आला आणि ताटावरून तसाच उठला. त्याच्या समोर एक माणूस उन्हाने कोसळला होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. झाडांना पाणी घालायचा नळ चालूच राहिला होता, तो ग्रॅनींनी जाऊन बंद केला.

त्यानंतर कितीतरी दिवस मी सकाळी उठले की आधी फोनवर बातम्या बघायचे. आमचं कुठेच काही आलं नाही. तरी नवऱ्याचा विश्वास बसेना. "त्या दोघांना तिनेच बोलावलं असेल. तुझा भरवसा बसावा म्हणून."

एका शुक्रवारी माझ्या हट्टाखातर आम्ही ग्रॅनींना बोटी बघायला अल रुवैसच्या बंदरावर घेऊन गेलो. जन्मात एक मॅच पूर्ण न पाहिलेला माझा नवरा, कामाचा विषय निघू नये म्हणून, गाडी चालवताना वाटभर फुटबॉलवर बोलत होता. मागच्या सीटवरून ग्रॅनींनी सहज विचारलं, "मग वर्ल्ड कप कोण जिंकेल?"

त्याने आरशातून त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "ते मी कसं सांगणार?" म्हणाला, आणि हवेबद्दल बोलायला लागला.