सतरावा चौकोन

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास शाळेच्या संगणक कक्षात सरांनी नववीतल्या सायलीचं पत्र आम्हा पालकांसमोर मोठ्यानं वाचलं. ते तिनं कुणालाही दाखवलं नव्हतं. सर आम्हाला नवी सोय दाखवत होते. समोर बसलेल्या तीस मुलांच्या कॉम्प्युटरवर जे चाललं होतं, ते त्यांच्या स्क्रीनवर तीस चौकोनांत दिसत होतं. त्यातला सतरावा त्यांनी मोठा केला.

“प्रिय ताई, तू घर सोडलंस तेव्हापासून आई जेवताना बोलत नाही.” एवढं वाचून ते थांबले.

सायली उभी राहिली. “सर, ते माझं आहे.”

“शाळेच्या कॉम्प्युटरवर माझं-तुझं नसतं, बाळा.”

“मग तुमचा स्क्रीनही आम्हाला दिसू द्या ना, सर.”

मागून कुणीतरी म्हणालं, “लय भारी!” सर हसले नाहीत.

आमच्या शाळेच्या दिवसांत लिहिताना डावा हात वहीभोवती कुंपणासारखा धरायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. बाई बाकांमधून फिरायच्या, पण सहसा त्या हाताआड डोकावायच्या नाहीत. शिस्त तेव्हाही होती. मात्र तो हात बाजूला करायला कुणाला तरी जवळ यावं लागे, आणि येणारा आपल्याला दिसे.

सायलीनं पत्र पुसून टाकलं. कीबोर्ड मागे सरकवला, दप्तरातून वही काढली आणि डावा हात भोवती धरून पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. सर तिच्याजवळ गेले.

“दाखव.”

“नाही, सर.”

तिनं हात काढला नाही. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा सरांच्या स्क्रीनवर सतरावा चौकोन कोरा होता.